निरोगी स्वयंसेवक पाहिजेत

४ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी ८.
या देशातील चर्मोद्योगाच्या अधःपतनाची नोंद कुणीतरी ठेवायला हवी, म्हणून मी ठेवतो. गेल्या वर्षीच्या दिवाळीत घेतलेला पट्टा वाढतच चालला आहे. आत 'अस्सल लेदर' असा ठसा, आणि वर्षभरात चार बोटे वाढ! आज खिळा तापवून तिसरे भोक पाडले. सुनयना म्हणाली, "अहो, पट्टा कुठला वाढतोय? तुम्हीच आटत चाललाय." बायको शाळेत गणित शिकवते, तिला सगळीकडे वजाबाकी दिसते. शिवाय हे निव्वळ अनुमान. प्रत्यक्ष प्रमाण शून्य.
संकल्प : उद्यापासून मॉर्निंग वॉक. म्हणजे कुणी 'बारीक झालात' म्हटले की कारण तयार.
पाणी : उठल्यापासून तीन तांबे. आरोग्याला उत्तम.

५ नोव्हेंबर, बुधवार.
वॉक नाही. डाव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली होती, ती जखम तीन आठवडे झाले तरी ओलीच. चप्पलही चामड्याचीच. कालची नोंद पाहावी.

६ नोव्हेंबर, गुरुवार.
१ नोव्हेंबरला सीमाभागात पाळलेल्या काळ्या दिनाची माझी बातमी छापून आली. फोटो दुसऱ्याच गावाचा. निपाणीत आज पेपरला पाठवण्यासारखे काही घडले नाही, म्हणून भीमरत्नच्या मेडिकल दुकानात बसलो. काउंटरवर एक पत्रक होते. बेळगावच्या एका औषध-संशोधन केंद्राला रक्तदाबाच्या नव्या गोळीच्या चाचणीसाठी निरोगी स्वयंसेवक पाहिजेत. वय अठरा ते पंचावन्न, मुक्काम, जेवण, मानधन. 'सर्व तपासण्या मोफत' या ओळीखाली पेनाची रेघ आहे. मीच मारली. सहज.
भीमरत्न माझा पहिलीपासूनचा मित्र, त्यामुळे जिभेला हाड नाही. म्हणाला, "तुला कशाला घ्यायलेत रं? आरशात बघितलास काय? समोर लॅब हाय, जा, रक्त दे. पाच मिनिटांचं काम. जगाच्या आजाराच्या बातम्या लिव्हतोस, एकदा स्वतःचं बघ की!"
त्याला समजावले की आजारी नसलेल्या माणसाने लॅबची पायरी चढणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली द्यायला ठाण्यात जाणे. चाचणीचे तसे नाही. तिथे माणूस निरोगी म्हणूनच जातो. तो म्हणाला, "व्हय व्हय." या दोन शब्दांत तो किती कुचकेपणा भरू शकतो, हे ऐकल्याशिवाय कळायचे नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार.
सकाळ : जावे. कारणे : मानवजात. मानधन. 'मी, गोळी आणि विज्ञान' ही लेखमाला, किमान पाच भाग.
दुपार : जाऊ नये. मानवजातीने माझ्यासाठी काय केले?
संध्याकाळ : लेकीचा फोन. सुविधा बेळगावात नर्सिंग शिकते, टिळकवाडीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. विचारते, "पप्पा, तहान लई लागती काय? पायाला मुंग्या? खरं सांगा." मायलेकींचे गुप्तहेर खाते जोरात आहे. तिच्या परीक्षेचा विषय काढून निसटलो.
निर्णय : जावे. पण घाई नको.

१० नोव्हेंबर, सोमवार.
केंद्रात फोन केला. प्रियदर्शनी नावाच्या बाई आधी कन्नडात बोलल्या, मग इंग्रजीत. संमतीपत्र अकरा पानांचे आहे म्हणे. कोणत्या भाषेत, हे विचारायची गरजच उरली नाही. सीमाभागातील मराठी माणसाने स्वतःचे रक्त परभाषेत द्यावे? मराठी संमतीपत्र मिळेपर्यंत जाणार नाही. बातमीची पहिली चार वाक्ये लिहून ठेवली : 'मराठी भाषकांची पुन्हा गळचेपी.' तत्त्वाच्या बाजूने उभे राहिले की किती हलके वाटते! सुनयनाला म्हणालो, आता माझा नाइलाज आहे. ती म्हणाली, "नाइलाज काय, इलाजच नको आहे तुम्हाला." मुद्दा सोडून बोलणे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार.
बातमीला 'प्रत्यक्ष पाहणी' हवी, एवढ्यासाठी गेलो. उपाशीपोटी या, असे सांगितले होते. त्याप्रमाणे एक घासही खाल्ला नाही. मात्र वाटेत संकेश्वरला बस थांबली आणि घसा इतका कोरडा पडला की दोन ग्लास उसाचा रस घेतला. रस हा द्रवपदार्थ आहे. तो पाण्यात मोडतो. नंतर लघवीला गेलो, तेवढ्यात बस निघून गेली. हल्ली ड्रायव्हरना दम म्हणून नाही. दुसरी बस तासाने.
केंद्र स्वच्छ. प्रियदर्शनीबाई टेबलाशी होत्या. मराठी संमतीपत्राची मागणी खणखणीत आवाजात नोंदवली. त्यांनी ड्रॉवर उघडून ते काढून दिले. वर म्हणाल्या, "सर, मी इथल्याच वडगावची, मराठीच. फोनवर तुम्हीच की आधी कन्नडात सुरू केलासा. मला वाटलं, तुम्हाला मराठी येत नाही."
बातमी रद्द.
उपाशी आहात ना, असे विचारल्यावर 'हो' म्हणालो. शब्दशः खरे. प्राथमिक तपासणीपुरती सही करून रक्त दिले. मुख्य संमतीपत्र घरी वाचायला आणले. भाषांतरात सात चुका, दुरुस्त केल्या. पान दहावर 'चाचणीदरम्यान मृत्यू ओढवल्यास वारसाचे नाव' असा रकाना आहे. तिथे चूक नव्हती. तो कोरा ठेवला.

१५ नोव्हेंबर, शनिवार.
केंद्रातून फोन. साखर फार जास्त दिसते, पुन्हा या, खरोखर उपाशी या. 'खरोखर' या शब्दावर मुद्दाम जोर होता. मी रसाचे स्पष्टीकरण दिले. भीमरत्नलाही दिले. तो हसला नाही. म्हणाला, "दोन ग्लास रसानं एवढी चढत न्हाय रं. सुनयनावहिनीला बोललास काय?" नाही म्हटले. तो न हसता बोलला की अस्वस्थ वाटते.
संकल्प : उद्यापासून गोड बंद. आज शेजारी बारसे होते. पेढा नाकारणे असभ्यपणाचे. दुसरा पेढाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार.
संकेश्वरला डोळे घट्ट मिटून बसलो. रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज कानावर आलाच. तरी खाली उतरलो नाही. या संयमाची इतिहासात कुठे नोंद होणार नाही.
रक्त दिले, दुपारपर्यंत बसून राहिलो. मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावले. वयाने सुविधापेक्षा जेमतेम पाच-सहा वर्षांनी मोठी पोर. म्हणाली, "सर, तुम्हाला चाचणीत घेता येणार नाही. तुम्ही निरोगी गटात बसत नाही." मी गुरुवारच्या रसाचा परिणाम अजून उतरला नसेल, असे सुचवले. तिने कागद माझ्याकडे वळवला. "सर, ही तीन महिन्यांची सरासरी आहे." रस एका सकाळचा. मी कागद घडी घालून खिशात ठेवला.
मग तिने चप्पल काढायला लावून अंगठा पाहिला. बराच वेळ पाहिला. आठवडा जाऊ देऊ नका, म्हणाली. निघताना प्रियदर्शनीबाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मी दोन प्यालो.
घरी सांगितले : कोटा भरला होता.

२० नोव्हेंबर, गुरुवार.
चौथे भोक पाडायला खिळा शोधत होतो. खुंटीवर वडिलांचा, आप्पांचा, पट्टा दिसला. आप्पा तंबाखूच्या वखारीत वॉचमन होते; तो त्यांच्या युनिफॉर्मचा. इतकी वर्षे तिथे लटकतो आहे, कधी खाली काढला नव्हता. आज काढला. त्याला खिळ्याने पाडलेली सहा भोके आहेत.
आठवले. आप्पा म्हणायचे, "कातडं ढिलं पडलंय, दुसरं काय न्हाय." आई म्हणायची, डॉक्टरकडं चला. ते म्हणायचे, मला काय झालंय? पायाला खिळा लागला होता, त्याचे वखारीच्या मालकाला दूषण देत राहिले. पुढे पाय काळा पडला. मग मिरजेला नेले. उशीर झाला होता. मी तेव्हा कॉलेजात होतो, आणि 'कातडं ढिलं पडलंय' हे मी खरे मानले होते. मानायला सोपे होते.
पान दहावरच्या रकान्यात सुनयनाचे नाव लिहिले. त्या कागदाचा आता उपयोग नाही. तरी रिपोर्ट त्यालाच टाचला आणि तिच्या पेपर तपासायच्या गठ्ठ्यावर ठेवला. चार वाजता ती शाळेतून येईल. आता पावणेचार झाले आहेत. मधल्या वेळात तो दोनदा उचलला, दोनदा परत ठेवला.
गोळीची भीती मला कधीच नव्हती. मी न मागता कुणीतरी माझे रक्त तपासावे, आणि सगळे ठीक आहे म्हणावे, एवढ्यासाठी मी बेळगावला गेलो. आप्पा गेले तेव्हा पन्नास वर्षांचे होते. मला फेब्रुवारीत पन्नास पूर्ण होतील. मला भीती वाटते.