अकरावी तुळई

१ ऑगस्ट
पोचले एकदाची. दोन बॅगा, ड्रॉइंगच्या कागदांची नळी आणि आईने बळेबळे गळ्यात मारलेली उशी. परक्या उशीवर मला झोप लागत नाही असं आईचं म्हणणं. ते खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.

एकतिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थिनी! जुन्या इमारतींचं जतन, वास्तुकलेतली पदव्युत्तर पदवी, दोन वर्षं. वर्गात आम्ही नऊजण. बाकीचे आठ बावीस-तेवीसचे. त्यांनी पहिल्या तासालाच मला 'ताई' करून टाकलं. मी म्हटलं, चला, कोणी काकू तरी म्हणालं नाही.

वसतिगृह म्हणजे पूर्वीचं रुग्णालय. भिंती हातभर जाड, छत उंच, वर उघड्या लाकडी तुळया. माझ्या खोलीत दहा. पलंगावर पाठ टेकली आणि आधी त्याच मोजल्या. नऊ वर्षं नोकरी केल्यावर दुसरं काय होणार? खिडकी मोठी आहे, दिवसा दिवा लावायची गरज नाही. शेजारच्या खोलीत वर्गातलीच एक पोरगी आहे. दर दोन मिनिटांनी चष्मा पुसते, म्हणून तिचं नाव चष्मीश.

इथे मला कोणी ओळखत नाही. फार बरं वाटतंय.

३ ऑगस्ट
आज मोजणीच्या बाई भेटल्या. साठीच्या, चणीने एवढ्याशा, गळ्यात टेप. सगळे त्यांना मापबाई म्हणतात, त्यांनाही ते माहीत आहे. त्यांचा नियम असा: मोजायला दोघं हवीत. एकाने टेपचं शून्याचं टोक धरायचं, दुसऱ्याने आकडा मोठ्याने बोलायचा. टोक धरणाऱ्याने तो आकडा परत म्हणायचा, आणि मगच तो वहीत जायचा. परत म्हटला गेला नाही तो आकडा लिहायचाच नाही. आणि कागदाच्या तळाशी दोन नावं: टोक कोणी धरलं, वाचलं कोणी.

मला हे सगळं येतं. आमच्या ऑफिसातही असंच होतं. पोरं भराभर लिहून घेत होती, मी नुसती बसून राहिले.

पहिला अभ्यास: आपण राहतो ती खोली मोजून काढा.

५ ऑगस्ट
चाळीस मिनिटांत खोली उरकली. पोरं दोन दिवस जोड्या जमवतायत. मी पलीकडच्या भिंतीत खिळा ठोकला, त्याला टेपचं टोक अडकवलं, झालं. लांबी ४१२ सेंटीमीटर, रुंदी ३०५. तळाशी लिहिलं: टोक, खिळा. वाचन, मी. मापबाईंना गंमत वाटेल.

८ ऑगस्ट
गंमत वाटली नाही. कागद परत आला. माझे कर्ण जुळत नाहीत, म्हणजे खोलीचा चौकोन कागदावर मिटतच नाही. नऊ वर्षांचा अनुभव आणि साधी खोली मिटवता येईना! बाई रागावल्या नाहीत. टोक खरंच खिळ्याने धरलं होतं का, एवढंच विचारलं. मी हो म्हणाले. त्यावर म्हणाल्या, खिळा आकडा परत म्हणत नाही. वर्ग हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

९ ऑगस्ट
जेवणाच्या सुट्टीत पुन्हा मोजली. ४१५. पुन्हा, ४१५. टेप मध्ये झोळ खातो, त्याने दोन-तीन सेंटीमीटर वाढतात. म्हणून ताणायला हात वर केला, तर टेप आधीच ताठ झाला. पलीकडून. आणि दोन हलके हिसके बसले.

खिळा सैल असणार. टेप गुंडाळून ठेवला आणि जेवायला गेले.

दोन हिसके म्हणजे 'धरलंय, वाचा'. ही खूण आमच्या ऑफिसातल्या मिस्त्रींची होती.

१४ ऑगस्ट
आईने पत्र पुढे धाडलंय. पाकिटावरचं अक्षर ओळखीचं आहे, मिस्त्रींच्या मुलीचं. ती शाळेत शिकवते, अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल. हे चौथं. आधीची तीन मी न फोडता कपाटात टाकली होती. मार्चमध्ये ती स्वतः दाराशी आली, तेव्हा मी आतल्या खोलीत बसून आईला सांगायला लावलं की मी गावाला गेलेय. आई खोटं बोलली आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

हे फोडलं. एकच मागणं आहे. 'बाबांनी टेकू काढला नाही, एवढं एक वाक्य तुमच्या सहीने लिहून द्या. आई दुसरं काही मागत नाही. लोक तिला तोंडावर म्हणतात की तो स्वतःच्या मूर्खपणाने मेला.'

उशीखाली ठेवलंय.

१७ ऑगस्ट
४२३. ऊन खोलीभर पडलं होतं, टेपवरची प्रत्येक रेघ दिसत होती. ४२३.

चष्मीशला बोलावलं. तिने टोक धरलं, मी वाचलं, तिने परत म्हटलं. ४१२. कर्णही जुळले. ती बिचारी म्हणाली, ताई, तुम्ही दमला असाल. खरंच जीव भांड्यात पडला. ती गेल्यावर एकटीने पुन्हा टेप लावला.

४२६.

२१ ऑगस्ट
लिहूनच टाकते. वही माझी आहे, वाचणार कोण?

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसकडे एका जुन्या वाचनालयाची दुरुस्ती आली. वरच्या सज्ज्याच्या तुळया मोजायचं काम माझं. टोक मिस्त्री धरायचे. पंचावन्नचे होते, तीस वर्षं लाकूडकामात गेलेली. माझा आकडा परत म्हणताना शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहायचे, मला हसू यायचं. एकूण तुळया अकरा. दहा मोजल्या, दहाही तीस सेंटीमीटर उंचीच्या. अकरावी पार टोकाला, अंधारात, खाली वाकून जायला लागायचं. दीड वाजला होता, मला भूक लागली होती. मिस्त्री म्हणाले, मॅडम, एक राहिली, मी टोक धरतो, चला. मी म्हटलं, दहा सारख्या आहेत तर अकरावी काय वेगळी असणार? जेवणाच्या टेबलावर बसून 'तीस' लिहिलं. तळाशी लिहिलं: टोक, मिस्त्री.

त्या तुळईला कधीकाळी कोणीतरी नळ न्यायला वरून खाच पाडली होती. माझ्या आकड्यांवरून कुठे टेकू द्यायचे ते ठरलं, आणि अकरावीखाली टेकू आला नाही. सज्जा खाली आला तेव्हा मिस्त्री तिथेच होते.

साहेबांनी अहवाल लिहिला की मिस्त्रींनी न विचारता टेकू काढला. खाली सह्या दोन, साहेबांची आणि माझी. कोणी माझा हात धरून सही करून घेतली नाही. पेन माझंच होतं.

लाज वाटते. आरशासमोर दात घासतानासुद्धा मी खाली बघते.

२४ ऑगस्ट
मुलीला पत्र लिहायला बसले. 'कदाचित टेकूबाबत काही गैरसमज झाला असावा.' फाडलं. 'मोजणीत बहुधा थोडी त्रुटी राहिली.' हेही फाडलं. खरं लिहिलं तर माझी सनद जाईल, ही पदवी जाईल, साहेब कोर्टात खेचतील. आई काय म्हणेल? मिस्त्री तर गेलेच, आता लिहून कोणाचं काय भलं होणार, असंही मनात आलं. असं माझ्याच मनात येतं, आणि रात्री उशीवर डोकं ठेवल्यावर पत्र कुरकुरतं.

२८ ऑगस्ट
खोलीचा कागद आज द्यायचा होता. माझा स्वतःचा आकडा सकाळी ४३८ होता. ४१२ लिहिलं. टोक, चष्मीश. वाचन, मी.

मापबाईंनी माझा कागद वर्गासमोर धरला. म्हणाल्या, बघा, चूक कबूल करून पुन्हा मोजलेलं काम असं दिसतं, याला प्रामाणिक कागद म्हणतात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चष्मीश सगळ्यांत जोरात. मला बाकाखाली शिरावंसं वाटलं. तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. मी 'थँक्यू बाई' म्हणाले.

खोलीत आले. पाठ टेकली. वर बघितलं.

अकरा.

२९ ऑगस्ट
दहाच असणार. दिवसाउजेडी चार वेळा मोजल्या. अकरा. अकरावी पलीकडच्या भिंतीजवळ आहे. खिडकीतलं ऊन दहावीपर्यंत येतं आणि थांबतं. तिथे आधी भिंत होती. खिळा दिसत नाही.

चष्मीश डोकावली, माझ्याशी गप्पा मारत मारत सरळ त्या टोकाला गेली आणि भिंतीला टेकली. माझ्या डोळ्यांसमोर ती अंधारात उभी होती आणि तिला काही कळत नव्हतं. मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. रागावलेच तिच्यावर. ती रडकुंडीला आली.

२ सप्टेंबर
खोली बदलून मागितली. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, एकही रिकामी नाही. दोन दिवस कॉलेजच्या वाचनालयात बाकावर काढले. तिथल्या छताकडे बघितलं नाही.

आज दीड वाजता कपडे घ्यायला आले. टेप आपोआप उलगडून जमिनीवर पडला होता. शून्याचं टोक अंधारात, दुसरं माझ्या पलंगाच्या पायापाशी. उचलला.

दोन हिसके.

४ सप्टेंबर
४४६. नुसता मनात वाचला, तर पलीकडे सामसूम. मोठ्याने म्हटलं, चारशे सेहेचाळीस.

अंधारातून परत म्हटलं. चारशे सेहेचाळीस. तोच आवाज, ताठ उभं राहून म्हटल्यासारखा.

मग मी मुद्दाम, अगदी मुद्दाम, चारशे बारा म्हटलं.

काही नाही. कितीतरी वेळ काही नाही.

६ सप्टेंबर
ते रागावलेले नाहीत. शिव्या दिल्या असत्या, गळा धरला असता तर मी पळून तरी गेले असते. ते नुसतं टोक धरून उभे आहेत. माझी वाट बघतायत. दुसऱ्या कुणाची नाही.

पलंगावर माती पडते. अकरावीला मधोमध वाक आहे, आज कालच्यापेक्षा जास्त —

८ सप्टेंबर
आईचा फोन. ती मुलगी पुन्हा आली होती. या वेळी आईने तिला आत घेतलं, चहा दिला. मला म्हणाली, मी तिला तुझा पत्ता दिलाय, मला आता खोटं बोलवत नाही.

मग म्हणाली, "तू एवढी कधीपासून घाबरायला लागलीस गं?"

फोन ठेवल्यावर खूप रडले. लहान मूल रडतं तशी.

९ सप्टेंबर
४५२. थांबलंय. एक तुळई वाढली की खोली बरोबर एवढीच वाढते. हिशोब चोख आहे त्यांचा. आता वाढणार नाही. आता मीच जायचं.

मापबाईंकडे गेले होते. कागद परत मागितला. का, म्हणाल्या. माझा आकडा कोणी परत म्हटलेला नाही, म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि कागद दिला.

१० सप्टेंबर, दुपारी दीड
दार उघडं ठेवलंय. वही, पेन्सिल, टेप, शिडी. मुलीचं पत्र वहीत आहे, तिचा पत्ता त्यावर आहे. ज्याला ही वही सापडेल त्याने तिला —

जाते.

पहिली. तीस. ते म्हणाले, तीस.
चौथी. तीस. तीस.
नववी, तीस. दहावी, तीस. इथे ऊन संपतं.

छत खाली आलंय, वाकून जावं लागतंय. लाकडाचा वास. त्यांच्या विडीचा वास. टेपचं टोक अगदी जवळ आहे. बघत नाही, वहीकडेच बघते —

अकरावी. वरून हात घातला. खाच लागली. केवढी खाच! अर्धा पंजा आत जातो. एक मिनिट लागलं असतं मला. एकच मिनिट, मिस्त्री.

बावीस.

मी मोठ्याने म्हटलं. ते म्हणाले, बावीस.

वर काहीतरी करकरलं. वहीवर माती — झटकली —

लिहिते. टोक, मिस्त्री. वाचन, मी.

टेकू त्यांनी काढला नाही. तिथे टेकू नव्हताच. अकरावी मी मोजली नाही, जेवायला गेले, आणि तीस हा आकडा मी माझ्या हाताने —

ते परत म्हणतायत. प्रत्येक शब्द. आता फक्त सही राहि