सापाच्या शेपटीपाशी

रविवार, संध्याकाळ

आज तेलीबांध्याच्या तळ्यावर फिरताना कुंतीनं हाक मारली. माझ्या बीरगांवच्या शाळेतली पाचवीची पोट्टी, आता नवा रायपूरला ऑफिसात जाते. तेव्हा आमचं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं. वर्गात बाकंही नव्हती, म्हणून मी फरशीवरच खडूनं मोठी सापशिडी काढली. पोरंच सोंगट्या. पाढा बरोबर आला की शिडी, चुकला की साप. पाढ्यांना कंटाळणारी पोरं त्या खेळासाठी घंटेच्या आधी येऊन बसायची. काय गलका असायचा!

कुंती तेवढी वरच्या घरात पोचली की हमखास चुकायची. मले वाटे, घाबरते. आज हसत विचारलं, "तुले पाढा काहून येत नव्हता गं?"

"आता था मैडम," ती म्हणाली. "सुखमती नीचे अकेली बैठी रहती थी न."

खरंच की. सापाच्या शेपटीपाशी सुखमती. तिले पाढे जमत नसत, ती तिथंच अडकायची. कुंती घसरत तिच्याजवळ आली की दोघी खिदळायच्या. इतक्या वर्षांनी मले त्या दोघीच दिसतात, शेपटीपाशी मांडी घालून बसलेल्या. जिंकणाऱ्यांपैकी एकाचंही नाव आठवत नाही.

कुंतीनं उभ्या उभ्या सुखमतीले फोन लावला आणि माझ्या हाती दिला. मी म्हटलं, "पहचाना?"

पलीकडून मोठ्यानं हसून ती म्हणाली, "मैडम, सत्रह का पहाड़ा मत पूछना!"