भिंतीपलीकडचा कान

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा चेनसॉ (लाकूड कापायची पेट्रोलवरची करवत) दुरुस्ती व बंद पडलेली जुनी मशीन पुन्हा चालू करणे, राहणार कार्यशाळेच्या मागच्या तीन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही, भीड नाही. बुद्धी शाबूत आहे. (पत्नी म्हणते, याला साक्षीदार लागतील. ते शेवटी आहेतच.) तब्येत ठणठणीत आहे, फक्त कान सोडून. कानाचं कलम पुढे येईल. मरायची मला घाई नाही, पण काम अर्धवट ठेवून टेबलावरून उठायची मला सवयही नाही.

कलम १. राहतं घर माझ्या पश्चात पत्नीचं, तिच्या पश्चात मुलीचं. स्वयंपाकघरातल्या नळाला वॉशर मी स्वतः कापून बसवला आहे. कोणत्याही प्लंबरने "हा जुना झालाय" म्हणून त्याला हात लावू नये. तो प्लंबरपेक्षा जास्त टिकेल.

कलम २. बँकेतली ठेव मुलीला द्यावी. मुलगी दुसऱ्या शहरात परिचारिका आहे. ती म्हणणार, "आईला ठेवा," आणि आई म्हणणार, "मला काय करायचंय?" दोघींचा स्वभाव मला पाठ आहे, म्हणून आधीच लिहितो: मुलीने नाही म्हणू नये आणि आईने आग्रहाची वाट बघू नये.

कलम ३. 'म्हातारी' नावाचं चेनसॉ विकू नये. ते भंगारातून आणलेलं माझं पहिलं मशीन. मी कोणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. त्या मशीनचे सगळे भाग सुटे करून मी पलंगावरच्या चादरीवर ओळीने मांडले होते, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने, म्हणजे उलटं जात जोडता येतील. मी चहा प्यायला उठलो तेवढ्यात नव्या नवरीने चादर धुवायची म्हणून चारही टोकं धरून उचलली. सगळे भाग मध्यभागी एक ढीग होऊन पडले. त्यानंतर कुठला भाग कुठे बसतो हे मला डोक्याने शोधावं लागलं, आणि तेव्हाच मी मेकॅनिक झालो. हे कलम तिला वाचून दाखवलं तर म्हणाली, "म्हणजे गुरू मीच की तुमची." यावर माझं काही म्हणणं नाही. लिहून मात्र ठेवलं आहे.

'म्हातारी'ला नवा रंग देऊ नये. जिथे रंग उडाला आहे तिथे तिला धरलेले हात दिसतात. गंज काढावा, वय काढू नये. माझ्या कार्यशाळेचा हा नियम आहे आणि तो माझ्यानंतरही चालावा.

कलम ४. शेजारचे शिंपी. मी कार्यशाळा उघडली त्या दिवसापासून हे गृहस्थ आवाजाची तक्रार करत आले आहेत. एकदा तर त्यांनी माझ्याच पँटची शिलाई मुद्दाम कच्ची घातली, असा माझा दाट संशय आहे. ती भर रस्त्यात उसवली. विचारलं तर म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या मशीनच्या हादऱ्यानं टाके हलले." तरी माझ्या मनात आकस नको, म्हणून मशीन चालवताना कानांवर चढवायची माझी जाड टोपणं मी त्यांना ठेवतो. एका बाजूचा स्पंज उंदराने खाल्ला आहे. तो कान त्यांनी भिंतीकडे न करता रस्त्याकडे करावा.

कलम ५. कार्यशाळा, तिच्यातली हत्यारं, सुटे भाग, गिऱ्हाईक आणि नाव. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेनसॉच्या कार्बोरेटरला बारीक स्क्रू असतात. पेट्रोल किती जायचं ते त्यांच्यावर ठरतं. कमी पडलं तर मशीन किंचाळतं, तापतं आणि पिस्टन सिलिंडरला चिकटतो. जास्त झालं तर गुळण्या केल्यासारखं बोलतं आणि धूर काढतं. या दोहोंच्या मधली जागा डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकावी लागते. लांबून लांबून लोक माझ्याकडे येतात ते त्या जागेसाठी.

कार्यशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच पातळ भिंत आहे. लग्नानंतर काही वर्षांनी त्या भिंतीवर पलीकडून पत्नीचा वरण वाढायचा डाव आपटू लागला. माझे पान्हे त्याच भिंतीवर टांगलेले असतात, ते हलायचे, म्हणून मशीन चालू असतानाही मला कळायचं. एकदा ठोकलं म्हणजे 'उपाशी आहे'. दोनदा म्हणजे 'खाऊन सुस्तावलंय'. काहीच नाही म्हणजे बरोबर. एरवी ही गप्प बसली की माझी पाचावर धारण बसते, पण मशीनच्या बाबतीत तिचं गप्प बसणं म्हणजे प्रशस्तिपत्र. तिला हे कोणी शिकवलं नाही. मी शिकवलं असं मी चारचौघांत म्हणत असे. तिने ते कधी खोडलं नाही, फक्त डाव जरा जोरात आपटायची.

मला ते ठोकणं म्हणजे दुजोरा वाटायचं, कारण तेच मलाही ऐकू येत असायचं. मग या वर्षी एकदा मशीन माझ्या मते अगदी सुरात लागलं होतं आणि पान्हे हलले. मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने पुन्हा एकदा हलले. तिसऱ्यांदा ही स्वतःच आली, पिठाचे हात घेऊन, बाहेरच्या रस्त्याने वळसा घालून.

"किती वेळ ठोकू? उपाशी आहे ते!"

"ठीक आहे की."

"तुमच्या मते सगळंच ठीक असतं. सरका."

तिने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्क्रू नखभर फिरवला. आवाजात काय बदललं ते मला ऐकू आलं नाही. पण मूठ धरलेल्या हाताला कळलं. मशीन शांत झालं, तान्हं पोर पोट भरल्यावर होतं तसं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वरचे सूर गेले, ते परत येणार नाहीत. यंत्र लावलं की माणसांचं बोलणं ऐकू येईल. मी विचारलं, "आणि कार्बोरेटरचं?" ते हसले. मी हसलो नाही.

मेहुण्याचं, म्हणजे पत्नीच्या भावाचं, मत पडलं की कान गेला तर धंदा गेला. जागा रस्त्यावर आहे, त्याला दुकानाला हवी आहे, दाम चांगला देईन म्हणतो. माणूस वाईट नाही, पण त्याने आयुष्यात कधी एखादी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरलेली मी पाहिली नाही.

म्हणून मी लिहितो: कार्यशाळा माझ्या पश्चात संपूर्णपणे पत्नीची. तिच्याखेरीज ती चालवण्यास लायक माणूस माझ्या पाहण्यात नाही. आणि भिंतीत एक खिडकी पाडून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी लिहिलेलं. हे कलम तिला वाचून दाखवलं. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, "नको."

मी पुन्हा विचारलं नाही. स्वाभिमान मलाही आहे. वरचं कलम ५ आडवी रेघ मारून रद्द केलं आणि नवीन लिहिलं: कार्यशाळा माझ्या पश्चात मेहुण्यास विकावी. कागद टेबलावर ठेवून मी प्लग आणायला गेलो. परत आलो तर कागद हिच्या हातात होता.

"हे काय लिहिलंय? विकायचं कुणी सांगितलं?"

"तूच नको म्हणालीस ना."

"अहो, मेल्यावर नको म्हणाले! तुम्ही आणखी वीस-तीस वर्षं जगणार आणि तोवर मी तिकडून डाव आपटत बसू? द्यायचं तर आत्ता द्या."

"आत्ता?"

"बोर्डावर माझं नाव लावा. आणि ती खिडकी नको, दार काढा. खिडकीतून काय, तुम्हाला चहा देत बसू?"

मला वाटलं होतं तिला हे काम नको आहे. तिला भिंत नको होती. मशीनचा इतका बारीक विचार करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकायला कानाच्या डॉक्टरांची गरज नव्हती.

अंतिम दुरुस्ती. कलम ५ दोन्ही रूपांत रद्द. कार्यशाळा आजपासून आम्हा दोघांची आहे. हात माझे, कान तिचे. तिचा अर्धा वाटा मी मृत्युपत्राने देऊ शकत नाही, कारण तो आता माझा राहिलेला नाही. माझा अर्धा मात्र माझ्या पश्चात तिलाच. गवंडी गुरुवारी भिंतीत दार काढायला येतो आहे. मेहुण्याला आमच्याकडे दुरुस्त केलेलं एक छोटं मशीन भेट द्यावं, म्हणजे राग जाईल आणि त्याच्या अंगणातली वाळलेली फांदीही.

पत्नीसाठी आणलेली नवी टोपणं तिने रोज वापरावीत. माझे कान त्याच आळसाने गेले. ती म्हणते, भिंतीतून ऐकणारीला टोपणांतूनही ऐकू येतं.

कलम ४ सुद्धा रद्द. शिंपी साक्षीदार म्हणून आले आणि मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये असं म्हणतात. म्हणून टोपणं त्यांना हातातच दिली. त्यांनी ती लगेच चढवली आणि म्हणाले, "मिस्त्री, हे आधी सुचलं असतं तर तुमची पँट वाचली असती." माझा संशय खरा होता. प्रकरण मिटलं.

बोर्ड रंगवणारा माझ्या नावाखाली जागा मोजत होता. म्हणाला, "वहिनी, इथं अक्षरं बारीक येतील."

ही म्हणाली, "मग वर लिहा."

वर भरपूर जागा आहे. अक्षरं माझ्या अक्षरांपेक्षा बोटभर मोठी आली आहेत. मी पट्टी लावून पाहिलं. हरकत नाही.

वरील सर्व मजकूर मी कार्यशाळेत उभा राहून मोठ्याने वाचला. पत्नी मुद्दाम पलीकडे स्वयंपाकघरात थांबली होती. शेवटपर्यंत मी पान्ह्यांकडे पाहत होतो. एकही हलला नाही.

स्थळ: कार्यशाळेचं टेबल, 'म्हातारी'च्या शेजारी.
तारीख: नऊ मार्च, मंगळवार, दुपार.

सही: लिहून ठेवणारा, चेनसॉ मिस्त्री.

साक्षीदार पहिला: शेजारचे शिंपी. (मजकूर वाचून सही केली. टोपणं घातलेली असल्याने ऐकलेला नाही.)

साक्षीदार दुसरा: बोर्ड रंगवणारा. (सहीवरचा निळा डाग बोर्डावरच्या पत्नीच्या नावाच्या रंगाचा आहे. खाडाखोड समजू नये.)