फळ्यावरची मयत

१ जुलै, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठ्या लेखकांच्या रोजनिश्या त्यांच्यामागे छापतात, म्हणून अक्षर नीट काढतोय.

मोठी बातमी! दिवाळी अंकाच्या संपादक सुचित्रा मॅडमचा फोन आला. यंदा भयकथा विशेषांक, एक जागा शिल्लक आहे, ३१ जुलैपर्यंत अडीच हजार शब्द द्या म्हणाल्या. बारा वर्षं भयकथा लिहितोय, पण आजवर फक्त व्हॉट्सअपवर फॉरवर्ड झालोय. कागदावर नाव पहिल्यांदाच येणार. ही जागा गेली तर मी लेखक नाही, करी रोडच्या कुरिअर ऑफिसातला क्लार्क आहे. बस्स, एवढंच.

प्लॅन: रोज शंभर शब्द. पंचवीस दिवसांत कथा तयार. उरलेल्या दिवसांत लेखक-परिचयासाठी फोटो. काळा शर्ट, अर्धा चेहरा अंधारात.

नम्रताला सांगितलं. बायको म्हणून आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, छान, गॅस बुक कर.

३ जुलै, गुरुवार
शब्द: शून्य. पण नाव सुचलं. ‘खोली नंबर सत्तावीस’. नाव जमलं की अर्धी कथा जमली, म्हणजे मी शेड्यूलच्या पुढे आहे.

प्लॉट: चाळीतली शेवटची बंद खोली. तिथे राहणारी शांताबाई मेल्यानंतर परत येते. पूर्ण काल्पनिक. आमच्या चाळीतली शेवटची खोलीही सत्तावीस नंबरची आहे, दोन वर्षं बंद आहे, आणि तिथल्या शांतामावशी वडाळ्याला लेकीकडे राहतात, हा योगायोग. त्या जिवंत आहेत, माझी मेलेली आहे. फरक स्पष्ट आहे.

६ जुलै, रविवार
माझं मासिक पत्र ‘महिन्याचा थरकाप’ व्हॉट्सअपवर टाकलं. सभासद एकोणीस. (एक मीच, दुसऱ्या सिमवरून.) सध्याचं लेखन: जोरात चालू. या महिन्याच्या शिफारशी: जिन्याखालचं मीटरचं कपाट, दिवे लागल्यानंतरचा गॅलरीच्या टोकाचा चौथा संडास, आणि नाक्यावरचा दाताचा डॉक्टर.

तासाभरात सभासद अठरा. डॉक्टरचा कंपाउंडर ग्रुपमध्ये होता, हे मला कुठे माहीत!

चौथ्या संडासाचं संशोधन मी स्वतः केलंय. नम्रता बाहेर टॉर्च घेऊन उभी होती. भीती नाही, लाइटचा प्रॉब्लेम आहे.

१० जुलै, गुरुवार
आषाढ पौर्णिमा. वर्षावास सुरू. बाबा बुद्धविहारातून ग्रंथवाचन ऐकून आले तेव्हा मूड चांगला होता, म्हणून त्यांना माझी अकरा ओळींची सुरुवात वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली. मग विचारलं, खोलीला कुलूप आहे ना, मग बाई आत गेली कशी? म्हटलं, बाबा, भूत आहे. म्हणाले, भूत नसतं. असतं तर मिलमालकांना कधीच धरलं असतं.

असल्या घरात भयकथा लिहायची म्हणजे खाटकाच्या दुकानात भेंडी विकायची.

बाबा चाळ कमिटीचे सेक्रेटरी. गेटवरचा फळा त्यांच्या ताब्यात. माझं अक्षर चांगलं म्हणून नऊ वर्षं खडू माझ्या हातात आहे. पाणी, लाइट, मीटिंग, मयत, सगळं मी लिहितो. बाबांचा नियम एकच, फळ्यावर खरं तेच लिहायचं. माणसं त्यावर विसंबून ऑफिसला रजा टाकतात, म्हणतात.

१६ जुलै, बुधवार
मॅडमचा मेसेज, कथा कुठवर आली? कळवलं, शेवटाकडे आलीय. (जुलै. कथा नाही.)

त्यांनी विचारलं, वाचक घाबरतो का? कोणाला वाचून दाखवलीत?

नम्रताला बसवून वाचली. चौथ्या ओळीला तिची मान पडली. भीतीने शुद्ध हरपली असावी. उठवल्यावर म्हणाली, तुझं लिहिलेलं मी फक्त फळ्यावर वाचते, तिथे तू मुद्द्याचं बोलतोस.

फळ्यावर! अगं बाई, काय बोललीस!

१९ जुलै, शनिवार, सकाळी ८
अख्खी चाळ रोज मला वाचते आणि मी एकोणीस जणांच्या ग्रुपवर वेळ घालवतोय. अठरा. आज फळ्यावर लिहिलं:

‘कळविण्यास अत्यंत दुःख होते की, खोली क्र. २७ मधील प्रेमळ स्वभावाच्या श्रीमती शांताबाई यांचे अल्पशा आजाराने निधन झाले.’

आणि अगदी तळाला, छोट्या अक्षरात: ‘त्या आज संध्याकाळी सात वाजता परत येतील. वाचा, येत्या दिवाळीत.’

काय कलाटणी आहे! मीच दोनदा वाचली.

सकाळी १०
प्रतिसाद जबरदस्त. फळ्यासमोर गर्दी. शेजारच्या नलूताईंनी तोंडाला पदर लावला. एका वाक्यात! वरून गॅलरीतून फोटो काढून मॅडमना पाठवला.

दुपारी १२
लोक जरा जास्तच गुंतलेत. नलूताईंनी नातवाच्या वाढदिवसाचा केक परत पाठवला. सगळ्यांचे टीव्ही बंद. तळमजल्यावरचा शिवा मयताचं सामान आणायला लालबागला गेला. बाबा वडाळ्याला फोन लावतायत, लेकीचा नंबर बदललाय. मयत तिकडून निघणार की इथे आणणार, यावर गॅलरीत दोन पार्ट्या पडल्या.

शेवटची ओळ वाचूनही इतकं रडतायत? वाचकाला कमी लेखू नये.

दुपारी ४
खाली गेलो. फळ्याच्या तळाला टेकून शिवाची स्कूटर उभी आहे. सकाळपासून. शेवटची ओळ सीटच्या मागे.

आई गं!

पुसावं तर फळ्यासमोर खुर्च्या टाकून वीस माणसं. बाबांना सांगायला गेलो, तर ते धुतलेला पांढरा शर्ट घालून बसलेले. म्हणाले, शांताने तुझ्या आईच्या दुखण्यात महिनाभर डबा पाठवला होता. आजच्या फळ्याला तुझं अक्षर चांगलं आलंय.

योग्य वेळ पाहून सांगेन. सव्वासात बरी वाटते.

रात्री ८
खरं तेच लिहितो. नलूताईंचा भाऊ वडाळ्यात राहतो. त्याने पत्ता शोधून बेल वाजवली आणि विचारलं, बॉडी कुठे ठेवलीय? दार शांतामावशींनीच उघडलं होतं.

त्या टॅक्सी करून तडक आल्या. पुढच्या गेटला गर्दी म्हणून मागच्या जिन्याने वर आल्या. मी गॅलरीच्या टोकाला माफीचं भाषण पाठ करत होतो. सत्तावीसचं कुलूप उघडलं. आतून मावशी पांढऱ्या साडीत म्हणाल्या, कोण, राजरत्न का रे?

सात वाजले होते.

मी किंचाळलो नाही, हाक मारली. मोठ्याने. नम्रताच्या मते ती परळपर्यंत गेली असेल. मग मी चौथ्या संडासात कडी लावून बसलो. बाबांनी बाहेरून सांगितलं, ये बाहेर, भूत नसतं.

२० जुलै, रविवार
मावशी अजिबात रागावल्या नाहीत. मला खाली फळ्यापाशी नेलं, म्हणाल्या, काय लिहिलंस ते वाच बघू. वाचलं. प्रेमळ स्वभावाच्या हे परत वाच म्हणाल्या. तीनदा वाचून घेतलं. मग सांगितलं, मी आता इथेच राहते. लेकीकडे लिफ्ट आहे पण बोलायला माणूस नाही. माझ्या मयताला इतकी माणसं जमतात, मग जिवंतपणी तिकडे कशाला मरू?

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शर्टाच्या बाहीने फळा पुसला, माझ्या हातातला खडू घेतला आणि खिशात टाकला. म्हणाले, नऊ वर्षं लोक तुझ्या अक्षराकडे बघून घराबाहेर पडत होते.

मला फार वाईट वाटलं. कथेत वापरता येईल का बघतो.

२६ जुलै, शनिवार
दोन दिवस आजारपणाची रजा टाकून कथा पुरी केली! सत्तावीसशे शब्द. शांताबाईला आता लाल डोळे, उलटी पावलं आणि कवटीचा कंदील दिलाय. मॅडमना पाठवली. फोटोही काढला. अर्धा चेहरा अंधारात ठेवताना तोच अर्धा उजेडात आला ज्यावर पिंपल आहे.

२९ जुलै, मंगळवार
मॅडमचा फोन. शुद्धलेखन उत्तम आहे म्हणाल्या. (!!) फक्त विश्वास बसत नाही. माणसाला घाबरवायचं तर आधी त्याचा विश्वास बसावा लागतो, तुमच्यावर बसत नाही. ३१ ला पाचपर्यंत सुधारून द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल.

१९ तारखेला अकरा तास अख्खी चाळ विश्वास ठेवून बसली होती, हे सांगणार होतो. नाही सांगितलं.

३० जुलै, बुधवार
बाबा धम्म परिषदेला नाशिकला निघाले. उद्या पाइपलाइनचं काम आहे, दिवसभर पाणी नाही, असा निरोप आलाय. जाताना त्यांनी खिशातून खडू काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, एकच ओळ. खरी.

छातीत भरून आलं. खरंच आलं. खाली जाऊन आधी स्कूटर हलवली, मग लिहिलं: ‘उद्या गुरुवार दि. ३१ रोजी दिवसभर पाणी येणार नाही. आजच भरून ठेवणे.’ विशेषण नाही, कलाटणी नाही. आयुष्यातली माझी सर्वांत चांगली ओळ.

शिवा वाचून म्हणाला, काय भाई, आता पाण्याचं भूत? नलूताई वाकून फळ्याचा तळ बघत होत्या, शेवटची ओळ कुठे लपवलीस रे? पोरंटोरं हसली. ओरडून सांगितलं, खरं आहे! तर शिवाने टाळ्या वाजवल्या. ॲक्टिंग पण येते म्हणाला.

हसू देत. मी वर येऊन कथेला बसलो. उद्या पाच वाजता दाखवतोच.

३१ जुलै, गुरुवार, संध्याकाळी ६
पाणी आलं नाही. चाळीत एकाच्याही पिंपात थेंब नाही. आमच्याही नाही. नम्रताला म्हटलं, फळा वाचला नाहीस? म्हणाली, वाचला, तुझं अक्षर बघितलं आणि पुढे गेले. तू लिहिलं होतंस ना, मग तू का नाही भरलंस?

मी कथेतला कवटीचा कंदील काढत होतो.

दिवसभर लोक दाराशी येऊन शिव्या घालून गेले. त्यात पाच कधी वाजले कळलं नाही. मॅडमचा मेसेज आला, जागा दुसऱ्याला दिली. पुढच्या वर्षी बघू. नाशिकहून बाबांचा फोन आला होता. घेतला नाही.

पाणी फक्त खोली नंबर सत्तावीसमध्ये आहे. पिंप, दोन कळश्या, बादल्या, पातेली, सगळं काठोकाठ. मावशी एकेकाला हंडा भरून देतायत, रांग जिन्यापर्यंत गेलीय. मीही बादली घेऊन उभा राहिलो. तेविसावा होतो. उभ्या उभ्या मनात आलं, गेली तर गेली जागा. सगळी चाळ हसली, पण एका माणसाने माझ्या ओळीवर विश्वास ठेवून घर भरलं. लेखकाला असा एक वाचक पुरतो.

नंबर आल्यावर बादली पुढे केली. म्हटलं, मावशी, तुम्ही एकट्यांनी फळा वाचलात.

माझ्या बादलीत तांब्या ओतत म्हणाल्या, मला कुठे वाचता येतं रे राजा? मी रोजच भरते.