मनोऱ्याचा सरळ फोटो

तीर्थस्वरूप दाजींना सादर नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? घरं बांधायचा धंदा केला म्हणून विटा स्वतः उतरवायच्या असं कुठे लिहिलंय? (ताई म्हणते, दुखणं कंबरेत कमी आणि तोंडात जास्त. तिचं मनावर घेऊ नका.) आम्ही मजेत आहोत. मी तर जरा जास्तच, कारण तुमचा मेहुणा आता नुसता पासपोर्ट फोटोवाला राहिलेला नाही.

इथल्या नगरपालिकेने जुन्या वास्तू आणि परिसराच्या फोटोंची स्पर्धा ठेवली. हौशी मंडळी गळ्यात कॅमेरे अडकवून फिरू लागली, तेव्हा मीही दुकानाला कुलूप घातलं. आधी तळ्याचा फोटो काढला. झकास आला, पण सवयीने त्याच्या पासपोर्ट आकाराच्या आठ प्रती कापून पाकिटात भरल्या. (बायको म्हणाली, तळं परदेशी चाललंय का.) मग चौकातला घड्याळाचा मनोरा घेतला. बाकीचे पोटावर लोळून नाहीतर झाडावर चढून फोटो काढत होते. मी आयुष्यभर केलं तेच केलं. समोर उभा राहिलो, दोन्ही बाजूंचे सज्जे कानांसारखे नीट दिसतात ना ते पाहिलं, मागे पांढरं आभाळ येईपर्यंत थांबलो आणि सवयीने म्हणालो, 'हनुवटी जरा खाली.' शेजारच्या चहावाल्याने उगाच मान खाली घातली.

आता, हा मनोरा कललाय, पाडून टाका, असा नगरपालिकेच्या इंजिनिअरचा हेका होता. सगळे हळहळत होते. त्या घड्याळात वेळ कोणी बघत नाही, पण भेटायचं ठरतं ते त्याच्याखालीच. (आमचं लग्नही तिथेच ठरलं. त्यात मनोऱ्याचा दोष नाही.) मनोऱ्याचा निर्णय घ्यायच्या बैठकीत पुरावा म्हणून स्पर्धेतले फोटो मागवले, तेव्हा बाकीच्यांचे कलात्मक फोटो निघाले. त्यांत मनोरा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकात तर चक्क आडवा. मग माझा फोटो लावला. इंजिनिअरने पट्टी लावून पाहिली आणि पाडायच्या प्रस्तावाचा कागद घडी करून खिशात घातला. मनोरा पाडायचं रद्द झालं आणि पहिलं बक्षीस मला मिळालं. दाजी, छाती अशी फुगली आहे की सदऱ्याची बटणं लागत नाहीत. रविवारी मनोऱ्याच्या पायथ्याशीच माझा सत्कार आहे. तुम्ही दोघांनी यायलाच हवं.

तुमचा मेहुणा,
फोटोग्राफर (आता अधिकृत)

ता. क. गिऱ्हाइकाची मान वाकडी आली तर मी ती कॉम्प्युटरवर सरळ करून देतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. हात आपोआप चालतो. मनोऱ्याच्या वेळीही चालला. माझ्या ध्यानात आलं तेव्हा बक्षीस जाहीर झालं होतं.

पुन्हा ता. क. इंजिनिअरला खरं सांगणारच आहे, पण रिकाम्या हाताने गेलो तर तो मनोरा पाडल्याशिवाय राहणार नाही. तुम्ही शनिवारीच या, आणि येताना ओळंबा, दोन गवंडी आणि चांगले जाडजूड टेकू घेऊन या. मनोरा वाचला पाहिजे, दाजी. सत्कार झाला नाही तरी चालेल. (झाला तर बरं.)

शेवटचं ता. क. सत्कार झालाच, तर ताईला उजवीकडच्या खुर्चीत बसवा. मनोरा डावीकडे कललाय.