एसी कोण मारून राहिलं?

४ एप्रिल २०१६, लातूर

एसी मेला! शिरूर अनंतपाळच्या रस्त्यावर, भर उन्हात. मागं साहेब — कोणत्या गावाला टँकर द्यायचा ते ठरवणारे. पंखा चालू, हवा चुलीपुढं बसल्यागत. साहेबांनी काचा खाली केल्या. वाटेत घागरी घेतलेल्या बाया हाका मारू लागल्या. मी गाडी दामटली. साहेब म्हणाले, "एसीची गाडी म्हणून लावलीय ना रे?"

लावलीय. मराठीत एम.ए. करून, कुणी न छापलेल्या कथा लिहून, शेवटी ही भाड्याची गाडी. ती पण गेली तर?

५ एप्रिल

जिलानी मिस्त्रीकडं गेलो. हा गॅस संपला म्हणणार, ठरवूनच गेलो होतो. तर म्हणतो, "गॅस फुल हाय भाई." बेल्टही ठीक. फ्यूजच्या डब्यात बोट घातलं — "रिलेच न्हाई! एवढी काळी डबी असती. निघाली न्हाई, कुणीतरी काढली." नवी बसवली. हवा गार.

पण गेल्या महिन्यात त्यानंच ती बदलली होती, आमच्या दारात, आईचा चहा पीत. कुठं असते हे त्यालाच माहीत! स्वतःच काढून स्वतःच विकून राहिला काय?

नाहीतर किशनराव, दुसरा भाड्याचा गाडीवाला. ऑफिसात माझ्या शेजारी गाडी लावतो, माझ्या कामावर डोळा. आज दात काढून म्हणतो, "काय लेखक, साहेबाला भाजून खाता काय?"

६ एप्रिल

औसा. एसी झकास! संशय येतो.

७ एप्रिल

आईचं परत तेच. "साहेबाला माझ्या माहेरचं सांग की. धुरपता चिखल गाळून पाणी पिऊन राहिली." धुरपता म्हणजे मामी. म्हणलं, ड्रायव्हरनं बोलायचं नसतं. काच वर, तोंड बंद. उद्या तिकडूनच जाणार, पण थांबणार नाही.

आई उठून दारात जाऊन उभी राहिली.

८ एप्रिल

परत मेला! बॉनेट उघडलं — डबी गायब. आणि काल तर गाडी ऑफिसात लावलीच नव्हती, घरी होती! म्हणजे आमच्या गल्लीत येऊन काढली? कोण? किशनराव? जिलानी?

काचा खाली. मामाच्या गावच्या वळणावर बायांनी रस्ताच अडवला. एक घागर थेट काचेतून आत. मामी! साहेबांना म्हणते, "लातूर तोडून नवा जिल्हा देता म्हनं? जिल्हा ठिवा तुमच्याकडंच, आधी टँकर द्या!" साहेब चिडले. मग घागरीत वाकून बघितलं. आत नुसता चिखल.

मामीनं मला ओळख दाखवली नाही. मी समोर बघत राहिलो.

९ एप्रिल

साहेबांनी किशनरावची गाडी लावली. संपलं!

जिलानीला भर दुकानात चोर म्हणून आलो. तो म्हणाला, "चोरायचंच तर टेप नेतो ना भाई, डबी कशाला?" उद्या किशनरावची कॉलर धरणार.

१२ एप्रिल

मामीचा फोन. गावात टँकर आला.

जेवायला बसलो. आईनं ताटात भाकरीशेजारी दोन काळ्या डब्या ठेवल्या.

"लाव आता," म्हणाली.