दारापाशचं लाल बटण

तीर्थस्वरूप डोरीनताईस,

धाकट्या भावाचा, गुडघे वाकतील तेवढा वाकून नमस्कार. व्हिट्बीचा समुद्रवारा तुझ्या कानात जात नसेलच, पण जात असेल तर कापूस घालत जा. तुझ्या नवऱ्याची, केनेथची, कंबर कशी आहे? त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे ना? (उगीच विचारतोय असं समजू नकोस.) माझ्या डाव्या पायाला मुंग्या येतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, काही नाही. त्या असं म्हणाल्या की मला जास्त भीती वाटते.

तर ‘निळ्या सूर्याचं ठाणं’ या सिनेमाचा सातवा भाग आला. तुला आठवत असेल, पहिला भाग बनला तेव्हा मी आणि केनेथ लंडनजवळच्या स्टुडिओत भिंती रंगवायला होतो आणि माणसं कमी पडली की आम्हालाच रबरी पोशाखात कोंबायचे. त्या भागात शत्रू आत येऊ नये म्हणून ठाण्याचं दार पाठीनं रेटून धरणारा आणि तसाच मरणारा मुखवट्यातला पहारेकरी म्हणजे मी, हे इथे हॅलिफॅक्समध्ये लहान पोरांनाही ठाऊक आहे. या सिनेमाच्या चाहत्यांचं इथे मंडळ आहे, त्यातले लोक भेटले की हात मिळवत नाहीत, जवळच्या दाराला पाठ लावून उभे राहतात. (त्यापायी खाटकाच्या दुकानात दोनदा गिऱ्हाईकं अडकली.) महिन्यातून एकदा चर्चच्या सभागृहात चहा असतो आणि दारालगतची खुर्ची माझी असते.

शनिवारी दुपारी आम्ही चाळीस जण पोशाख करून थिएटरात गेलो. अध्यक्षीण ग्लेनिस हॉब्स सायकलचं शिरस्त्राण चंदेरी रंगवून आली होती. सिनेमा पावणेतीन तासांचा, म्हणजे माझ्या वयाच्या माणसाचा विचार कोणी केलेलाच नाही. पहिली वीस मिनिटं इतका काळोख की मला वाटलं माझा मोतीबिंदू परत आला. शेजारचा माल्कम पुटपुटला, “विल्फ, मलाही काही दिसत नाहीये,” तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. सूर्य निळा का, हे इतक्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. निळा होता, झालं. तर म्हणे कुठल्याशा कारखान्याच्या धुरामुळे. दुसऱ्या भागात कप्तानबाई मेल्या तेव्हा मी दोन रुमाल भिजवले होते. आता त्या म्हणे मेल्याच नव्हत्या, मटारासारख्या गोठवून ठेवल्या होत्या. शेवटचा अर्धा तास तर निव्वळ आठव्या भागाची जाहिरात. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, पण ज्यांनी हे लिहिलं त्यांनी ती कितव्या वर्षी सोडली असेल, याचा मी विचार करतोय.

हे सगळं गिळलं असतं. पण मग त्यांनी ते दार दाखवलं. तेच, माझं. गोठलेल्या कप्तानबाई येतात आणि चौकटीशेजारचं लाल बटण दाबतात. दार आपोआप बंद. म्हणजे पहारेकरी बटणाच्या हातभर अंतरावर पाठ मोडून मेला. मग मागच्या रांगेतली एक बाई शांतपणे म्हणाली, “म्हणजे बावळटच होता की.”

बाहेर आल्यावर ग्लेनिस शिरस्त्राण काखेत मारून म्हणाली, “बटण तेव्हा नव्हतंच. यांनी आत्ता घुसडलंय.” माल्कम म्हणाला, “जुन्या भागात त्या जागी नुसता धूर आहे, कसं कळणार?” ग्लेनिस म्हणाली, “अरे, ज्यानं दार धरलं तो हा काय उभा आहे.” सगळे माझ्याकडे वळले. येत्या शनिवारी मी सभागृहात सर्वांसमोर साक्ष द्यायची आणि ती लिहून घेऊन सिनेमावाल्यांना पाठवायची, असं ठरलं. मी मान डोलावली. तेव्हापासून मला पाय तेवढा नीट वाटतो, बाकी सगळं दुखतं. ताई, एडिथ गेल्यापासून “ये, बस” म्हणणारं मला ते एकच ठिकाण उरलंय.

केनेथला आठवण सांग.

तुझा,
विल्फ्रेड

ता. क. – त्या दाराच्या चित्रीकरणाच्या दिवशी माझी दाढ ठणकत होती आणि मी घरी होतो. पोशाखात केनेथ होता. हे मी एडिथलाही सांगितलं नाही, कारण तिनं लग्नाला हो म्हटलं ते त्या दारामुळे. तेव्हा केनेथला सहज, जेवता जेवता विचार, चौकटीला बटण होतं का. उत्तर शुक्रवारच्या आत यायला हवं. त्यानं कुठेही तोंड उघडू नये, तेवढं बघ.

ता. क. दुसरा – बटण होतं असं निघालं, तर त्या दिवशी आत केनेथ होता हे शनिवारी सर्वांसमोर सांगायला माझी काहीच हरकत नाही.